दहा-बारा माणसांच्या घरासाठी लाकडावर चालणारा बंब: जागेपासून राखेपर्यंत सगळं

पुण्यात थंडी कितीही पडली तरी घर तापवायची वेळ येत नाही, तापवावं लागतं ते पाणी. चार माणसांच्या घरात गीझरवर भागतं. पण एकत्र कुटुंब असेल, जुना बंगला असेल, सकाळी सहा ते नऊमधे दहा-बारा जणांच्या आंघोळी असतील आणि वर दिवाळीला पाहुणे, तर पंधरा लिटरचा गीझर तिसऱ्या माणसालाच गार पाणी देतो. आमच्याकडे म्हणूनच बंब, म्हणजे आत लाकूड जाळून पाणी तापवायचं उभं भांडं, परत सुरू झाला, आणि तो नीट चालवायला शिकताना लक्षात आलं की आजच्या लोकांना हे कोणी सांगायलाच उरलं नाहीये. आजीला विचारावं तर ती म्हणते पेटवायचा आणि काय, आणि दुकानदार फक्त लिटर सांगतो. म्हणून हे सगळं एका जागी लिहून ठेवतेय.

एक गोष्ट आधीच सांगते, पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. बंबातून दाट धूर निघतोय म्हणजे तुमचं जळण न जळता वर चाललंय. मोठा बंब आणि भरपूर लाकूड यानं पाणी स्वस्तात तापत नाही. कोरडं लाकूड, छोटा पण तेज जाळ आणि पाठोपाठ आंघोळी, यानं तापतं.

अजून एक. गच्चीवर चांगलं ऊन असेल आणि जागा असेल तर उन्हावर पाणी तापवणारा सोलर हीटर आधी बसवा, वर्षातले बरेच महिने तो एकटाच भागवेल. बंब मग ढगाळ दिवसांना, पाहुण्यांना आणि कडाक्याच्या थंडीला. आणि फ्लॅटमधे राहत असाल तर बंबाचा विचारच सोडून द्या, बाल्कनीत तर अजिबातच नको.

१. आधी जागा ठरवा, बंब नंतर

बंब कायम उघड्यावर. परसात, मागच्या अंगणात, नाहीतर तीन बाजूंनी मोकळ्या पत्र्याच्या शेडखाली. बाथरूममधे नाही, बाथरूमला खिडकी आहे म्हणून पण नाही, बंद पॅसेजमधे नाही. जळणाऱ्या लाकडातून आणि विशेष करून निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो, त्याला ना रंग ना वास, माणसाला डोकं जड वाटतं, चक्कर येते आणि मग उठताच येत नाही. जुन्या वाड्यांत न्हाणीघरात बंब असायचे हे खरं, पण त्या न्हाणीघरांना वर कौलं आणि भिंतीला मोठाले झरोके होते, आजच्या टाइल लावलेल्या, स्लायडिंग खिडकीच्या बाथरूमशी त्याची बरोबरी करू नका.

खाली पक्की फरशी किंवा विटांचा ओटा हवा. आजूबाजूला तीन-चार फुटांत वाळलेली पानं, कपड्यांची दोरी, प्लास्टिकची टाकी, गॅस सिलिंडर यातलं काहीही नको. धुराडं शेडच्या पत्र्याच्या वर किमान दोन-तीन फूट न्या, आणि शेजाऱ्यांची बेडरूमची खिडकी कुठल्या बाजूला आहे ते बघून बंबाची जागा धरा. थंडीत पहाटे गार हवा जमिनीलगत बसून राहते, वरची हवा तिच्यापेक्षा ऊबदार असते, त्यामुळे धूर वर चढतच नाही, तो गल्लीतच पसरतो. शेजारी कोणाला दमा असेल तर तुमच्या आंघोळीचा त्रास त्याला होतो, त्यामुळे ही गोष्ट मनावर घ्या.

बाथरूम बंबापासून जितकं लांब तितकं पाणी वाटेत गार होणार, म्हणून तळमजल्याच्या बाथरूमच्या भिंतीबाहेर लगेच ओटा ही सगळ्यात उत्तम जागा, फक्त त्या भिंतीला खिडकी असेल तर तिच्यापासून बाजूला.

२. किती लिटरचा घ्यायचा

हिशोब सोपा आहे, कागदावर करा. एका माणसाला बादलीनं आंघोळीला साधारण २० लिटर कोमट पाणी लागतं, म्हणजे दहा जणांना २०० लिटर. आंघोळीचं पाणी ४० अंशांच्या आसपास असतं. थंडीत टाकीतलं पाणी २० अंश धरलं आणि बंबातलं ६० पर्यंत तापवलं, तर अर्धं गरम आणि अर्धं गार मिसळून बरोबर ४० होतं. म्हणजे २०० लिटरसाठी ६० अंशांचं १०० लिटर पुरतं.

१०० लिटर पाणी २० वरून ६० वर न्यायला जवळपास १७ मेगाज्यूल उष्णता लागते. चांगल्या वाळलेल्या एक किलो लाकडात साधारण १५ मेगाज्यूल असते, पण त्यातली निम्म्याहून कमीच पाण्यात उतरते, बाकी धुराड्यातून जाते. म्हणजे नीट चालवलेल्या बंबाला दहा माणसांसाठी तीन किलोच्या आसपास कोरडं लाकूड लागायला पाहिजे. तुमच्याकडे सात-आठ किलो जात असेल तर बंबाला दोष देऊ नका, लाकूड ओलं आहे नाहीतर जाळ धुमसतोय.

याचा अर्थ १०० लिटरचाच बंब घ्या असं नाही. आंघोळी पाठोपाठ होणार असतील तर ५० ते ६० लिटरचा बंब पुरतो, कारण एक बादली गरम काढली की एक गार घालायची आणि जाळ चालूच असतो. मोठा बंब तापायला वेळ घेतो, आणि ज्या दिवशी घरात चारच माणसं असतील त्या दिवशी पण तो सगळा तापवावा लागतो.

३. बंब बघून घ्या, आतून

रचना माहीत असू द्या म्हणजे दुकानात काय बघायचं ते कळेल. मधे उभी नळी, तिच्यात जाळ. नळीच्या भोवती पाणी. खाली जाळी, जाळीखाली राख पडायला आणि हवा यायला मोकळी जागा. वर पाणी ओतायला नरसाळं आणि बाजूला तोटी.

तोटी कुठे आहे हे सगळ्यात महत्त्वाचं. एका प्रकारात तोटी वरच्या अंगाला असते, नरसाळ्यातून ओतलेलं गार पाणी त्याच्याच वेगळ्या बारीक नळीवाटे तळाशी जातं आणि वरचं गरम पाणी तोटीतून बाहेर पडतं. यात गार घातल्याशिवाय गरम मिळत नाही, म्हणजे बंब कधीच रिकामा होत नाही. दुसऱ्या प्रकारात चावी खाली असते, वापरायला सोयीचा, पण कोणीतरी शेवटची बादली काढून घेतो, पाणी भरायला विसरतो, खाली जाळ चालू, आणि मग सांध्याचा डाग, म्हणजे जोड पक्का करायला लावलेली धातूची झाळ, सुटतो. घरात माणसं जास्त असतील तर वर तोटी असलेलाच घ्या, दहा जणांपैकी एक तरी विसरणारच.

तांबं की स्टील हा प्रश्न सगळे विचारतात. तांब्यातून उष्णता स्टीलपेक्षा कितीतरी पटीनं लवकर जाते हे खरं, पण बंबात खरी अडचण पत्र्याची नसते, ती पत्र्यावर बसलेल्या काजळीची आणि गरम धूर किती वेळ नळीत राहतो याची असते. त्यामुळे पाणी तापायच्या वेळेत फार मोठा फरक पडेल अशी अपेक्षा ठेवू नका. तांबं घ्यायचं ते टिकतं म्हणून, दुरुस्त होतं म्हणून आणि मोडीत पण वजनावर पैसे देतं म्हणून. साध्या लोखंडाचा नको, गंजतो आणि पाणी लालसर येतं.

नवीन किंवा दुरुस्तीसाठी कसबा पेठेतली तांबट आळी, तिथे पिढ्यानपिढ्या तांब्याचं काम करणारे कारागीर आहेत. त्यांना पत्र्याचा गेज विचारा. गेजचा आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ: २० गेज म्हणजे साधारण ०.९ मिलिमीटर, २४ गेज म्हणजे साधारण ०.५५. बाहेरचा पत्रा पातळ चालेल, मधली नळी जाड हवी कारण जाळ तिलाच लागतो. नळी झिजली तर बदलून मिळेल का हेही आत्ताच विचारून ठेवा.

जुना घ्यायचा तर रविवार-बुधवारचा जुना बाजार आहेच, नाहीतर नातेवाइकांचे माळे शोधा, बऱ्याच घरांत एक तरी बंब पडून असतो. जुना बंब असा तपासा: नळीत टॉर्च मारून बघा, सांध्यांवर हिरवट-पांढरे ओघळ म्हणजे तिथून कधीतरी गळलाय, आणि पाणी भरून रात्रभर कोरड्या फरशीवर ठेवा. बाहेरून चकाचक घासलेला आहे म्हणून घेऊ नका.

४. लाकूड (यात आळस केलात तर बाकीचं वाचून उपयोग नाही)

ताज्या तोडलेल्या लाकडाचं जवळजवळ निम्मं वजन पाणीच असू शकतं. वखारीत किलोवर पैसे देता तेव्हा त्या पाण्याचेही देता, आणि मग जाळताना परत एकदा मोजता, कारण ते पाणी आधी वाफ होऊन गेल्याशिवाय लाकूड नीट पेट घेत नाही. एक लिटर पाण्याची वाफ करायला जेवढी उष्णता लागते तेवढ्यात आंघोळीचं १५ लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर जातं. हा एक आकडा मला कळला आणि मी ओलं लाकूड घरात घेणं बंद केलं.

वाळलेलं लाकूड ओळखायचं कसं: टोकांना तडे गेलेले असतात, साल हातानं सुटते, उचलल्यावर हलकं लागतं आणि दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर टणक खणखणीत आवाज येतो, ओलं असेल तर बद्द वाजतं. खात्री हवी असेल तर ऑनलाइन ओलावा मोजायचं छोटं मीटर मिळतं, पण लाकूड मधोमध फोडून आतल्या ताज्या बाजूला टोचायचं, बाहेरून टोचलं तर ते कोरडंच दाखवणार. २० टक्क्यांच्या खाली आलं की जाळायला तयार. मीटर नको असेल तर एका तुकड्यावर खडूनं खूण करा आणि स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर दर आठवड्याला तोलत राहा, वजन उतरायचं थांबलं की तो ढीग वाळला.

पुण्याच्या हवेचा फायदा घ्या. लाकूड माघ-फाल्गुनात, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमधे घ्यायचं, लगेच फोडायचं, आणि एप्रिल-मेचं कोरडं कडक ऊन त्याला खाऊ द्यायचं. अख्खा ओंडका वर्षभर ठेवला तरी आतून ओला राहतो, फोडलेलं लाकूड उन्हाळ्याभरात बरंच वाळतं, बाभळीसारखं घट्ट लाकूड असेल तर जास्त वेळ द्या. जूनच्या आधी शेडखाली. ऑक्टोबरमधे घाईघाईनं घेतलेलं लाकूड म्हणजे पावसात भिजलेलं लाकूड, मग दिवाळीच्या पहाटे धुरानं डोळे चोळत बसायचं.

रचताना खाली विटा किंवा जुन्या फळ्या, जमिनीला टेकवायचं नाही. फक्त वरून झाकायचं, चारी बाजूंनी प्लास्टिक गुंडाळलंत तर आतल्या आत घाम सुटून बुरशी येते. घराच्या भिंतीपासून लांब, वाळवीसाठी. आणि ढिगात हात घालताना जाड हातमोजे, आत विंचू असतो, कधी सापही.

कुठलं लाकूड? बाभूळ उत्तम, घट्ट आहे, निखारा बराच वेळ टिकतो. सुबाभूळ, निलगिरी, कडुलिंब, आंबा चालतात. गुलमोहर हलका, भुरकन जळून जातो, पेटवायला ठीक. नारळाच्या करवंट्या जोरात जळतात, सोडणं आणि झावळ्या पण चालतात पण पूर्ण वाळलेल्याच. गावाकडून तुराट्या येत असतील तर पेटवायला त्याच्यासारखं काही नाही. भुसा, बगॅस (उसाची चिपाडं), शेंगांची टरफलं दाबून केलेल्या ब्रिकेट मिळतात, त्या कोरड्या असतात आणि साठवायला सोप्या, फक्त पावसात एक थेंब लागू द्यायचा नाही, फुगून भुगा होतो.

हे बंबात घालायचं नाही, कोणी कितीही फुकट दिलं तरी: प्लायवूड, सनमायका लावलेल्या फळ्या, एमडीएफ, रंग किंवा पॉलिश मारलेलं जुनं फर्निचर, थर्माकोल, रबर, प्लास्टिकच्या पिशव्या. यांचा धूर विषारी असतो, आणि पीव्हीसीच्या धुरात ॲसिड असतं जे तांब्यालाही खातं. कण्हेरीच्या फांद्यासुद्धा नकोत, कण्हेर विषारी आहे आणि तिचा धूरही अंगाला बाधतो.

वखारवाल्याकडून घेताना मनगटाएवढे जाड तुकडे आणि लांबी बंबाच्या नळीपेक्षा बरीच कमी असं सांगून फोडून घ्या. भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमधे सॉ मिलचे तुकडे पण मिळतात, तिथे विचारताना आधीच सांगा की प्लाय आणि केमिकल मारलेलं लाकूड नकोय.

५. पेटवायची पद्धत

१. आधी पाणी. तोटीतून थेंब पडेपर्यंत भरा. पाणी नसताना काडी ओढायची नाही.

२. कालची राख काढा. राख साचली की जाळीखालून हवा येत नाही आणि धूर सुरू होतो.

३. तळाशी मूठभर ढलप्या, करवंटीचे तुकडे, वर दोन बारीक काटक्या. कापराची वडी किंवा कागदानं पेटवा. रॉकेल-पेट्रोल नको, आणि पेटत्या बंबात वरून ओतायचं तर मुळीच नाही.

४. पहिली दहा मिनिटं हवा पूर्ण मोकळी. या वेळेत जो काही धूर व्हायचा तो होतो, ज्वाळा वर दिसायला लागली की दोन तुकडे, मग दर काही मिनिटांनी एक-दोन. नळी कधीच गच्च भरायची नाही. सगळ्यांचा कल असा असतो की एकदाच भरभरून घालावं आणि निवांत चहा प्यावा, पण गच्च नळीत हवाच जात नाही, लाकूड धुमसतं, काळा चिकट डांबरासारखा थर नळीला बसतो आणि तोच थर पुढे एखाद्या दिवशी धुराड्यात पेटतो.

५. धुराड्याकडे बघत राहा. वरून नुसती हवा थरथरताना दिसतेय म्हणजे बरोबर. करडा-पांढरा दाट धूर म्हणजे लाकूड ओलं, किंवा हवा कमी, किंवा जास्त भरलंय.

६. पाणी तापत आलं की लाकूड घालणं थांबवा, निखारे उरलेलं काम करतात.

७. निखारे पूर्ण विझल्यावर नळीच्या तोंडावर झाकण ठेवा. हे फार लोक करत नाहीत. उघड्या नळीतून खालून गार हवा वर खेचली जात राहते आणि तुमचं तापलेलं पाणी आतून गार करत राहते. पण निखारे जिवंत असताना झाकायचं नाही, आधी नीट बघा.

बंबाच्या तोटीला किंवा नरसाळ्याला कधीही बूच लावू नका. बंब हे उघडं भांडं आहे, वाफ अडली तर तो फुटतो.

६. पाणी वापरताना

आंघोळींचा क्रम आदल्या रात्रीच ठरवा, कटकट वाटेल पण सगळ्यात जास्त जळण इथेच वाचतं. सहाला एक, साडेसातला एक, नऊला दोन असं झालं तर बंब तीनदा तापवावा लागतो.

बादलीत आधी गार, मग गरम. ६० अंशांचं पाणी पाच-सहा सेकंदांत कातडी भाजतं, आणि लहान मुलांची आणि म्हाताऱ्या माणसांची कातडी पातळ असते, त्यांना त्याहूनही कमी वेळ पुरतो. लहान मूल घरात असेल तर बंबाभोवती कठडा करा.

पाईपनं बाथरूमपर्यंत न्यायचं असेल तर प्लंबरला एक गोष्ट ठणकावून सांगा: गच्चीवरच्या टाकीची लाइन थेट बंबाला जोडायची नाही. १० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो होतो, बंबाचे सांधे त्यासाठी केलेलेच नसतात. मधे बंबाच्या थोडीशीच वर फ्लोट असलेली छोटी टाकी बसवा आणि वाफेसाठी एक उघडा पाईप वर सोडा. पहिले तीन-चार फूट तांब्याचा पाईप, मग पितळी जोड, मग सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाण्याला चालणारा प्लास्टिकचा पाईप. साधा पीव्हीसी गरम पाण्याला मऊ पडतो, आणि तांब्याला जीआय (जस्त चढवलेला लोखंडी पाईप) थेट जोडला तर जीआय लवकर गंजतो. वर फोमचं इन्सुलेशन गुंडाळा.

७. काय काय सामान लागेल

नळीसाठी लांब दांड्याचा तारेचा ब्रश, लोखंडी चिमटा, झाकणाची पत्र्याची बादली राखेसाठी, चामड्याचे हातमोजे, कोयता किंवा छोटी कुऱ्हाड, पाण्यात बुडवायचा थर्मामीटर, आणि शेजारी कायम भरलेली एक बादली पाणी नाहीतर वाळू.

काजळी आठवड्यातून एकदा ब्रशनं काढा, तिचा पातळ थरसुद्धा उष्णता अडवतो. बोअरचं पाणी वापरत असाल तर आत क्षार बसतात, महिन्या-दोन महिन्यांनी सायट्रिक ॲसिडच्या कोमट पाण्यात रात्रभर ठेवून धुवा. बाहेरून चिंच-मीठ किंवा पितांबरी, ते हौसेवर आहे, पाणी तापण्याशी त्याचा संबंध नाही. राख पत्र्याच्या बादलीत झाकून दोन दिवस ठेवल्याशिवाय कुठे टाकू नका, आतले निखारे दुसऱ्या दिवशीपर्यंत जिवंत राहू शकतात. मग थोडी थोडी झाडांना घाला, एकाच कुंडीत ओतू नका.

८. कागदपत्रं आणि परवानग्या

घर भाड्याचं असेल तर मालकाची लेखी संमती घ्या, बंगल्यांची सोसायटी असेल तर तिचीही. वखारीची पावती मागून घ्या.

आणि झाडाचं. आपल्याच अंगणातलं झाड आहे म्हणून तोडता येत नाही. महाराष्ट्रात १९७५ चा नागरी क्षेत्रातल्या झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे, त्याप्रमाणे महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, उद्यान विभागात अर्ज करायचा. मोठ्या फांद्या छाटायच्या असतील तरी आधी तिथेच विचारा. अर्जासोबत जागेच्या मालकीचा कागद आणि झाडाचे फोटो तयार ठेवा. टेकडीवरून काटक्या गोळा करून आणणं पण नको, तिथली बरीच जमीन वनखात्याची आहे. अंगणात पडलेल्या वाळक्या काटक्या बंबात घाला, पण पाला-कचरा उघड्यावर जाळायला बंदी आहे, तो खड्ड्यात कुजवा.

९. पावसाळ्यात बंद करताना

मेअखेर बंब पूर्ण रिकामा करा, उलटा करून निथळू द्या. राखेचा कणही ठेवू नका, ओली राख क्षारासारखी धातूला खाते. नळी ब्रशनं साफ, धुराड्यावर टोपी, नरसाळ्यावर कापड, आणि कोरड्या जागी. नवरात्रात बाहेर काढा, पाणी भरून रात्रभर ठेवा, सकाळी बुडाखाली ओल दिसली तर दसऱ्याच्या आधी डाग देऊन आणा, दिवाळीच्या तोंडावर कारागिरांकडे काम तुंबलेलं असतं.